वेबपृष्ठरचना, प्रतिसादी

एकच वेबपृष्ठ लहानमोठ्या पडद्यांच्या निरनिराळ्या उपकरणांवर सुबोधपणे वाचता व वापरता यावे, अशा रीतीने त्याची मांडणी करण्याच्या पद्धतीस प्रतिसादी वेबपृष्ठरचना म्हणतात. मेजावरील संगणक, मांडीवरील संगणक, टॅबलेट व मोबाइल फोन यांच्यासाठी पृष्ठाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या या पद्धतीत करीत नाहीत. मजकूर एकच राहतो, परंतु उपलब्ध जागेनुसार स्तंभांची संख्या, चित्रांचे आकारमान, अक्षरांची मापे व घटकांचा क्रम बदलतो. या पद्धतीला हे नाव २०१० मध्ये मिळाले व पुढील पाच-सात वर्षांत ती जगभर रूढ झाली. तथापि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न वेबइतकाच जुना आहे. पृष्ठाचे अंतिम स्वरूप ते तयार करणाऱ्याने ठरवावयाचे की वाचणाऱ्याच्या साधनाने, असा तो प्रश्न होय. प्रतिसादी रचनेचा इतिहास हा एका नव्या शोधाचा इतिहास असण्यापेक्षा, माध्यमाच्या एका मूळ गुणधर्माचा विसर पडून पुन्हा त्याकडे वळण्याचा इतिहास आहे.

प्रारंभ : वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली (१९५५– ) यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. तेथे अनेक देशांतील शास्त्रज्ञ येत आणि त्यांचे संगणकही परस्परांशी न जुळणारे असत. कोणत्याही संगणकावरील माहिती कोणत्याही संगणकावर वाचता यावी, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्यामुळे वेबपृष्ठे लिहिण्यासाठी त्यांनी तयार केलेल्या एचटीएमएल या खूणभाषेत मजकूर कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे, म्हणजे मथळा, परिच्छेद, यादी की दुवा, हे सांगण्यावर भर होता. ओळ कोठे मोडावयाची हे पृष्ठ दाखविणारा ब्राउझर त्या त्या पडद्याची रुंदी पाहून ठरवी.

पहिला ब्राउझर १९९० मध्ये नेक्स्ट या संगणकावर तयार झाला, पण तो संगणक फार थोड्या लोकांजवळ होता. म्हणून सर्नमध्ये प्रशिक्षणार्थी असलेल्या निकोला पेलो यांनी केवळ अक्षरांच्या ओळी दाखविणारा एक साधा ब्राउझर लिहिला. जुन्या व साध्या अग्रावरही (टर्मिनलवरही) तो चालत असे. अशा प्रकारे वेबच्या अगदी पहिल्या काळातच एकच पृष्ठ खिडक्या व चित्रे दाखविणाऱ्या प्रगत संगणकावर आणि ओळीमागून ओळ दाखविणाऱ्या साध्या पडद्यावर वाचले जात होते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले.

स्थिर रुंदीचा काळ : अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणनकेंद्रात मार्क आंद्रेसेन व एरिक बिना यांनी तयार केलेला मोझेइक हा ब्राउझर १९९३ मध्ये प्रसृत झाला. त्यात मजकुराच्या ओघातच चित्रे दिसू लागली. पाठोपाठ १९९४ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर आला आणि वेब संशोधकांच्या वर्तुळातून व्यापार, वृत्तपत्रे व जाहिरात या क्षेत्रांत गेले. पृष्ठरचनेचे काम आता मुद्रणक्षेत्रातून आलेल्या आरेखकांकडे येऊ लागले.

मुद्रणालयातील जुळाऱ्यास कागदाचा ताव आधी ठाऊक असतो. तावाची लांबी-रुंदी, समास, स्तंभ व अक्षरांचे माप एकदा निश्चित झाले की प्रत्येक प्रत सारखीच निघते. या परंपरेत वाढलेल्या आरेखकांना वाचकाच्या यंत्राप्रमाणे ओळी बदलणारे पृष्ठ सदोष वाटणे स्वाभाविक होते. आकडेवारीसाठी असलेल्या कोष्टकांचा उपयोग त्यांनी पृष्ठाच्या मांडणीसाठी सुरू केला. कोष्टकातील रकान्यांमध्ये चित्रे व मजकूर बसवून, मधल्या रिकाम्या जागा अदृश्य चित्रांनी भरून पृष्ठ हवे तसे जखडून ठेवता येई. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधील पुस्तकाने ही युक्ती लोकप्रिय केली.

रुंदी ठरविताना त्या त्या वेळी सर्वाधिक प्रचलित असलेला पडदा प्रमाण मानला जाई. प्रथम ६४० × ४८०, मग ८०० × ६०० व पुढे १०२४ × ७६८ पिक्सेल (चित्रबिंदू) असे पडदे रूढ झाले, तशी पृष्ठांची रुंदीही वाढत गेली. अखेरच्या टप्प्यात ९६० पिक्सेल ही रुंदी जवळजवळ प्रमाण ठरली. ९६० या संख्येस २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १५ व १६ यांनी निःशेष भाग जात असल्याने स्तंभांची आखणी सोयीची होई. याहून लहान पडदा असलेल्या वाचकास पृष्ठ आडवे सरकवून वाचावे लागे. ‘हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये व अमुक आकाराच्या पडद्यावर उत्तम दिसते’ अशा सूचना अनेक पृष्ठांवर आढळत. साधनाने वाचकाची सोय पाहण्याऐवजी वाचकानेच आपले साधन बदलावे, असा त्यांचा अर्थ होता.

शैलीपत्रके : मजकूर व त्याचे दृश्य स्वरूप पुन्हा वेगळे करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न याच काळात झाला. सर्नमध्ये काम करीत असलेले नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञ होकून व्हिउम ली (१९६५– ) यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीपत्रकांची योजना मांडली. पृष्ठाचा रंग, अक्षरे, समास इ. गोष्टी मजकुरात न लिहिता स्वतंत्र पत्रकात नोंदवाव्यात, असे तिचे स्वरूप होते. या मूळ प्रस्तावात लेखकाची व वाचकाची अशी दोघांचीही शैलीपत्रके गृहीत धरली होती आणि कोणाच्या इच्छेचा प्रभाव किती टक्के असावा हे सांगण्याची सोय सुचविली होती. टक्केवारीची ती कल्पना टिकली नाही, पण लेखक व वाचक या दोघांच्या पसंतींचा मेळ घालण्याचे तत्त्व टिकले. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने विकसित झालेली सीएसएस ही शैलीभाषा डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानकसंस्थेची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. मे १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीत पडदा, छपाई, हातातील उपकरणे, वाचिक उच्चार अशा माध्यमांसाठी वेगवेगळी शैली देण्याची तरतूद झाली.

ऑस्ट्रेलियातील जॉन ऑलसॉप यांनी एप्रिल २००० मध्ये लिहिलेला एक लेख या संदर्भात पुढे वारंवार उल्लेखिला गेला. प्रत्येक नवे माध्यम प्रथम जुन्या माध्यमाचे अनुकरण करते. वेबवरील मांडणीही छापील पानाचे अनुकरण करीत आहे आणि वेबची लवचिकता हा दोष नसून गुण आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यावेळी या विचाराला मान्यता मिळाली, पण व्यवहारात फारसा फरक पडला नाही. बहुसंख्य वाचक मेजावरील संगणकच वापरीत असल्याने स्थिर रुंदी चालून जात होती.

दोन वेब : मोबाइल फोनवर माहिती वाचण्याची सोय १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्यावेळचे फोन मंद होते, पडदे काही ओळींपुरतेच होते व जोडणी अतिशय क्षीण होती. म्हणून १९९८ मध्ये वॅप या नावाची स्वतंत्र संदेशनियमावली व फोनसाठी निराळी खूणभाषा निश्चित करण्यात आली. जपानमध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू केलेली आय-मोड ही सेवा एचटीएमएलच्या संक्षिप्त रूपावर आधारलेली होती व तिला मोठे यश मिळाले. पुढे फोनची क्षमता वाढली, तरीही मूळ संकेतस्थळ व त्याची फोनसाठी केलेली छोटी आवृत्ती अशी विभागणी अनेक वर्षे चालू राहिली. अशा आवृत्तीच्या पत्त्याच्या आरंभी बहुधा ‘एम’ हे अक्षर असे. वाचकाचा ब्राउझर सर्व्हरला स्वतःची जी ओळख कळवितो, तीवरून त्याला कोणत्या आवृत्तीकडे पाठवावयाचे हे ठरे.

या व्यवस्थेमागे सबळ कारण होते. मंद जोडणीवर जड पृष्ठ उतरविणे अशक्य होते. परंतु तिचे दुष्परिणामही लवकरच दिसू लागले. छोट्या आवृत्तीत मजकूर कमी असे, आणि काय गाळावयाचे हे वाचकास न विचारता ठरे. एखाद्या विशिष्ट लेखाचा दुवा फोनवर उघडला असता वाचक कित्येकदा छोट्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर जाऊन पडे. फोनवरून पाठविलेला दुवा संगणकावर उघडणाऱ्यास अरुंद पृष्ठ मिळे. बाजारात नवा फोन आला की ओळखींच्या यादीत भर घालावी लागे व यादीत नसलेल्या फोनचा वाचक चुकीच्या जागी पोहोचे. दोन्ही आवृत्त्या अद्ययावत ठेवण्याचा खर्च वेगळाच. ज्याच्याजवळ केवळ फोन आहे, त्याच्या वाट्याला कमी माहितीचे वेब यावे ही यातील मूलभूत विषमता होती. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ मध्ये मोबाइलसंबंधी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘एकच वेब’ या कल्पनेचा पुरस्कार केला तो यामुळेच.

स्मार्टफोनचे आगमन : ॲपल कंपनीचा आयफोन जून २००७ मध्ये विक्रीस आला. त्याचा पडदा ३२० × ४८० पिक्सेलांचा होता, परंतु त्यातील ब्राउझर फोनसाठी केलेली छोटी पृष्ठे न मागता पूर्ण पृष्ठेच दाखवी. यासाठी तो पृष्ठ ९८० पिक्सेल रुंद असल्याचे मानून त्याची मांडणी करी व मग सर्व पृष्ठ सु. एकतृतीयांश आकाराचे करून पडद्यावर बसवी. अक्षरे त्यामुळे इतकी बारीक होत की, वाचकास बोटांनी भाग मोठा करून, पृष्ठ इकडेतिकडे सरकवीत वाचावे लागे. पृष्ठकर्त्याने एका खुणेद्वारे सांगितल्यास मात्र ब्राउझर फोनची खरी रुंदी विचारात घेई. ही खूण पुढे प्रतिसादी रचनेची पूर्वअट ठरली. २००८ मध्ये अँड्रॉइड प्रणालीचे फोन व २०१० मध्ये आयपॅड आल्यावर पडद्यांच्या आकारांची विविधता इतकी वाढली की, प्रत्येकासाठी स्वतंत्र आवृत्ती करण्याची कल्पनाच निरर्थक ठरू लागली.

मार्कॉट यांची मांडणी : अमेरिकन आरेखक ईथन मार्कॉट यांनी २५ मे २०१० रोजी प्रसिद्ध केलेल्या लेखात ‘प्रतिसादी वेबपृष्ठरचना’ ही संज्ञा प्रथम वापरली. माणसांच्या वावरानुसार स्वतःत बदल करणाऱ्या वास्तूंविषयीचे प्रयोग त्यावेळी चालू होते, त्यांवरून त्यांनी हे नाव घेतले. त्यांच्या पद्धतीची तीन अंगे आहेत : (१) प्रवाही आखणी, (२) लवचिक चित्रे व (३) माध्यम-पृच्छा. ही तिन्ही तंत्रे सुटी सुटी आधीच ज्ञात होती. त्यांना एका पद्धतीत गोवणे हे मार्कॉट यांचे कार्य होय.

प्रवाही आखणीत स्तंभांची रुंदी पिक्सेलांत न देता प्रमाणात देतात. घटकाच्या इष्ट रुंदीस तो ज्यात बसतो त्या घटकाच्या रुंदीने भागले की हे प्रमाण मिळते. उदा., ९६० पिक्सेलांच्या पृष्ठात ३०० पिक्सेलांचा स्तंभ असल्यास ३०० ÷ ९६० = ०·३१२५, म्हणजे ३१·२५ टक्के. हेच पृष्ठ १,२८० पिक्सेलांच्या पडद्यावर पाहिल्यास स्तंभ ४०० पिक्सेलांचा होतो. ४८० पिक्सेलांच्या पडद्यावर मात्र तो १५० पिक्सेलांचा होऊन एका ओळीत दोनतीनच शब्द मावतात. म्हणजे केवळ प्रमाणबद्धता पुरेशी नसते, एका मर्यादेपलीकडे मांडणीच बदलावी लागते. हे काम माध्यम-पृच्छा करतात. ‘पडदा ६०० पिक्सेलांहून अरुंद असेल तर स्तंभ एकाखाली एक लावावेत’ अशा स्वरूपाची सशर्त आज्ञा शैलीपत्रकात लिहितात व ब्राउझर ती पडताळून पाहतो. माध्यम-पृच्छांच्या मसुद्यांवरील काम २००१ पासून चालू होते. त्यांना शिफारशीचा अंतिम दर्जा जून २०१२ मध्ये मिळाला. चित्रांबाबत, आपल्या चौकटीबाहेर चित्र जाणार नाही, असा नियम करतात व ते चौकटीबरोबर लहानमोठे होते.

ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २००९ मध्ये मांडलेला ‘आधी मोबाइल’ हा विचार यास पूरक ठरला. अरुंद पडद्यापासून आरंभ केल्यास अत्यावश्यक काय व अनावश्यक काय याचा निर्णय आधीच करावा लागतो, नंतर जागा वाढेल तशी भर घालता येते, असे त्याचे सार आहे.

प्रसार व मतभेद : सप्टेंबर २०११ मध्ये बॉस्टन ग्लोब या अमेरिकन दैनिकाचे नवे संकेतस्थळ या पद्धतीने प्रसिद्ध झाले. त्याच्या रचनेत मार्कॉट यांचाही सहभाग होता. रोज नव्या मजकुराची भर पडणारे मोठे संकेतस्थळही एकाच आवृत्तीत चालविता येते, हे त्याने सिद्ध केले. त्याच वर्षी ट्विटर कंपनीतील मार्क ओटो व जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅप हा तयार घटकांचा संच खुला केला. त्याची २०१३ मधील तिसरी आवृत्ती ‘आधी मोबाइल’ या तत्त्वावर होती. यामुळे लहान संस्थांनाही ही पद्धत परवडू लागली, मात्र अनेक संकेतस्थळे एकसारखी दिसू लागली.

सर्वांचे यावर एकमत नव्हते. उपयोगसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २०१२ मध्ये मोबाइलसाठी कमी मजकुराची स्वतंत्र आवृत्तीच करावी, असे मत मांडले. फोनवरील वाचक घाईत असतो व त्याला मोजक्याच गोष्टी हव्या असतात, हे त्यामागील गृहीतक होते. अनेकांनी त्यास हरकत घेतली. घरी निवांत बसून फोनवर वाचणारेही असतात आणि पडद्याच्या रुंदीवरून वाचकाचा हेतू कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील घटनांनी हा वाद बव्हंशी निकालात काढला. गूगल या शोधसेवेने एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट वाचता येणाऱ्या पृष्ठांना मोबाइलवरील शोधात अग्रक्रम देण्यास आरंभ केला. स्टॅटकाउंटर या मापनसंस्थेच्या आकडेवारीनुसार ऑक्टोबर २०१६ मध्ये मोबाइल व टॅबलेट यांवरील जागतिक वेबवापर (५१·३ टक्के) प्रथमच मेजावरील संगणकांच्या पुढे गेला.

उर्वरित तांत्रिक अडचणी क्रमाने सुटत गेल्या. सुरुवातीला लहान पडद्यावरही मोठेच चित्र उतरून मग आक्रसले जाई. ब्राउझरला अनेक आकारांच्या चित्रांतून योग्य ते निवडण्याची सोय देणारा एचटीएमएल घटक २०१४ पासून उपलब्ध झाला. ओळी व स्तंभ यांची द्विमितीय आखणी करणारी सीएसएसमधील पद्धत मार्च २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आली आणि कोष्टकांसारख्या उसन्या साधनांची गरज संपली. पडद्याऐवजी घटकाला प्रत्यक्ष मिळालेली जागा पाहून मांडणी बदलण्याची सोय २०२३ च्या आरंभापर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत झाली.

भारतीय संदर्भ : भारतातील बहुसंख्य लोकांची वेबशी पहिली ओळख संगणकाऐवजी मोबाइल फोनवर झाली. स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार भारतात मोबाइलवरील वेबवापर २०१२ मध्येच संगणकांवरील वापराच्या पुढे गेला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटाचे दर झपाट्याने उतरले. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनचा पडदा केवळ २४० पिक्सेल रुंद होता. ३२० पिक्सेल ही किमान रुंदी धरून केलेली अनेक पृष्ठे त्यावर कापली जात. सर्वांत लहान पडदा कोणता, हे रचनाकाराने गृहीत धरू नये, हा धडा त्यातून मिळतो.

मराठी वाचकांच्या बाबतीत उपकरणभेदाचा प्रश्न रुंदीच्याही आधी लिपीच्या रूपाने उभा राहिला. युनिकोड या अक्षरसंकेतात देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला होता. तरीही सुरुवातीच्या काळातील अनेक मराठी संकेतस्थळे आपापले खासगी संकेत व फाँट वापरीत. तो फाँट संगणकावर नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे दिसत. युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर झाली, पण २०११ पूर्वीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर देवनागरी जोडाक्षरे नीट दिसत नसत. रचनेच्या दृष्टीनेही देवनागरीच्या गरजा वेगळ्या आहेत. वेलांट्या, मात्रा व रफार ओळीच्या वर, तर उकार खाली जात असल्याने रोमन लिपीच्या मापाने आखलेल्या ठराविक उंचीच्या चौकटीत ते छाटले जातात. लांब सामासिक शब्द अरुंद स्तंभात मावत नाहीत. उंची स्थिर न ठेवता मजकुराप्रमाणे वाढू देणे हे प्रतिसादी तत्त्व येथे विशेष उपयोगी पडते.

मूल्यमापन : प्रतिसादी रचनेचा लाभ केवळ फोनधारकांना होतो असे नाही. जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेबसुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत (आवृत्ती २·१) ३२० पिक्सेल रुंदीतही, मजकूर न गमावता व पृष्ठ आडवे न सरकविता वाचता यावे, असा निकष आहे. १,२८० पिक्सेलांचे पृष्ठ चौपट मोठे केल्यास नेमकी एवढीच रुंदी उरते. म्हणजे लहान फोनसाठी केलेली सोय मंददृष्टी वाचकाला मोठ्या पडद्यावरही उपयोगी पडते.

या पद्धतीची मोठी उणीव अशी की, ती पृष्ठाचा आकार बदलते, परंतु त्याचे वजन आपोआप कमी करीत नाही. एचटीटीपी आर्काइव्हच्या नोंदींनुसार २०१० च्या अखेरीस वेबपृष्ठाचे मध्यक वजन ५०० किलोबाइटांपेक्षा कमी होते. २०२४ मध्ये मोबाइलसाठीच्या पृष्ठांचेही ते २,००० किलोबाइटांहून अधिक झाले होते. देखणे व पडद्यात नेमके बसणारे पृष्ठ स्वस्त फोनवर व दुबळ्या जोडणीवर उघडण्यास विलंब लागत असेल, तर जुनी विषमता नव्या रूपाने परत येते. हलक्या पृष्ठांसाठी गूगलने २०१५ मध्ये पुढे आणलेली एएमपी योजना हा त्यावरील एक उपाय होता, पण त्यातून पुन्हा एकाच पृष्ठाच्या दोन आवृत्त्या होऊ लागल्या व पुढे तिचा प्रभाव ओसरला.

वाचक कोणते साधन घेऊन येईल हे माहीत नाही, असे मानून मजकूर सिद्ध करणे, ही प्रतिसादी रचनेची मूळ भूमिका आहे. सर्नमधील साध्या अग्रावर ओळीमागून ओळ दाखविणाऱ्या ब्राउझरनेही हेच मानले होते. रुंदीच्या बाबतीत हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. वाचकाचा वेळ, त्याचा डेटा व त्याच्या साधनाची ताकद यांच्या बाबतीत ते अद्याप तितकेसे पाळले जात नाही.